शेपूट तुटत आलेलं विमान घरी येतं ते कसं?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या त्या बी-१७ या अमेरिकन बॉम्बर विमानाचा फोटो, ज्यात शेपटाजवळ विमान जवळजवळ आरपार चिरलंय, तो खरा आहे का, असं विमान पडत कसं नाही, मुळात पायलट लोक गपचूप उडी मारून मोकळे का होत नाहीत, आणि शेवटी, कंट्रोल सगळेच गेले तर काय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आधीच सांगतो, मी पायलट नव्हे. वायुसेनेत एअरफ्रेम ट्रेडला होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा, पत्रा, कंट्रोलचे रॉड, चाकं, ब्रेक हे आमचं खातं, त्यामुळे मी विमान बघितलंय ते खालून, ते उतरल्यावर, हातात टॉर्च आणि आरसा घेऊन. हवेतलं जे सांगेन ते पायलट लोकांकडून ऐकलेलं आणि वाचलेलं.

फोटो खरा आहे. १ फेब्रुवारी १९४३, ट्युनिशियावरची गोष्ट, अमेरिकेच्या ९७ व्या बॉम्ब ग्रुपचं 'ऑल अमेरिकन' नावाचं विमान, पायलट लेफ्टनंट केन्ड्रिक ब्रॅग. एक जर्मन मेसरश्मिट १०९ अंगावर आलं, त्याचा पायलट बहुतेक आधीच गोळी लागून गेला असावा कारण ते शेवटपर्यंत वळलंच नाही, आणि याच्या शेपटाला कापत निघून गेलं. डावं आडवं शेपूट गेलं, बॉडी तिरकी चिरली, उभी फिन आणि राहिलेलं उजवं शेपूट थोड्याशा पत्र्यावर तगून राहिलं. शेजारच्या विमानातून काढलेला फोटो तो हाच. फॉरवर्डमध्ये मात्र हे विमान आधी धडकतं, मग जर्मनीवर बॉम्ब टाकतं आणि मग इंग्लंडला जातं, असलं काय काय असतं. प्रत्यक्षात बॉम्ब टाकून झालेले होते, परतीची वाट धरलेली होती, आणि उतरले ते अल्जीरियात बिस्क्राला, आपल्याच तळावर. दहाच्या दहा माणसं धडधाकट. एवढं खरं असताना वर मसाला कशाला लागतो मला कळत नाही.

आता ते पडलं का नाही. विमानाच्या बॉडीत एकच जाड हाड नसतं, भार पत्रा, गोल फ्रेम आणि लांबीने जाणाऱ्या पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर या सगळ्यांवर वाटलेला असतो, एक बाजू फाटली की तो भार राहिलेल्या बाजूकडून जातो, फक्त त्या बाजूवर आता दुप्पट तिप्पट ताण येतो. सरळ, हळू उडताना हा ताण मुळात कमी असतो. विमान बांधताना मात्र तीव्र वळणं, सूर मारून वर खेचणं, वादळी हवा हे सगळं धरून ताकद ठेवलेली असते. म्हणजे जी ताकद लढायला ठेवली होती ती आता नुसतं तगायला वापरायची, आणि हे जमतं एकाच अटीवर, की पायलटने यापुढे विमानाला काहीही अवघड करायला सांगायचं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, बाकी तपशील. लोकांना वाटतं मोडकं विमान आणणारा पायलट काहीतरी जबरदस्त कसरत करतो. उलट असतं, तो कमीत कमी करतो, आणि काय करायचं नाही हे त्याला नीट माहीत असतं.

दुसरी बाजू नशिबाची, म्हणजे मार कुठे लागला त्याची. इथे अब्राहम वाल्डचं नाव येतंच. युद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट सैन्यासाठी काम करत होता, त्यात हा होता, आणि १९४३ मध्ये त्याने याचं गणित मांडलं की परत आलेल्या विमानांवरची भोकं बघून विमानाचा नाजूक भाग कोणता हे ठरवायचं असेल तर न परतलेल्या विमानांचा हिशेब त्यात कसा धरायचा. लाल ठिपके मारलेलं विमानाचं जे चित्र सगळीकडे फिरतं ते नंतर कुणीतरी समजावायला काढलेलं आहे, वाल्डच्या कागदांत नुसती समीकरणं आहेत, वाचून बघा झोप लागेल. आणि हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं, हाच वाल्ड भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात एअर इंडियाचं विमान कोसळलं त्यात बायकोसकट गेला.

हँगरमध्ये आम्हाला वाल्ड कुणी शिकवला नव्हता, पण काम त्याच अंगाने चालायचं. पत्र्याला भोक दिसलं की नवखा पोरगा लगेच पॅच कापायला घेतो, जुना फिटर आधी आत बघतो. गोळी आत शिरते तिथे कडा आत वळलेल्या असतात, बाहेर पडते तिथे पाकळ्या बाहेर उलगडतात आणि भोकही मोठं असतं, मग एक बारीक सरळ रॉड या भोकातून त्या भोकापर्यंत घालायचा आणि वाटेत काय काय येतं ते आरशात बघायचं, हायड्रॉलिकचा पाइप, कंट्रोलचा रॉड, वायरिंगचा जुडगा, फ्युएल लाइन. बाहेर पडायचं भोक सापडलंच नाही तर तुकडा आतच आहे, तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही, कारण तो सैल तुकडा उद्या कंट्रोलच्या बेलक्रँकमध्ये, म्हणजे रॉडची दिशा बदलणाऱ्या सांध्यात अडकला तर गोळीने जे केलं नाही ते तो करेल. पत्र्याला तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला छोटं गोल भोक पाडतात, स्टॉप ड्रिल म्हणतात त्याला, म्हणजे तडा पुढे पळत नाही. नुसत्या पत्र्याला शंभर भोकं पडलेली परवडतात, स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य कण्याला, एक चीर परवडत नाही. आणि ज्याचा कंट्रोल रॉड तुटला ते विमान बहुतेक वेळा आमच्यापर्यंत आलेलंच नसतं.

इंजिनाचंही तसंच. मस्टँग, स्पिटफायर या विमानांची इंजिनं पाण्यावर थंड होणारी, रेडिएटरला एक गोळी लागली की कूलंट गळून जाणार आणि थोड्या वेळात इंजिन जाम. थंडरबोल्ट म्हणजे पी-४७ चं इंजिन हवेवर थंड होणारं, अठरा सिलिंडरांचं, त्यातला एखाद-दुसरा उडाला तरी धडधडत का होईना चालत राहायचं. २६ जून १९४३ ला रॉबर्ट जॉन्सन नावाच्या अमेरिकन पायलटचं थंडरबोल्ट फ्रान्सवर असंच चाळण झालं, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच्याकडे आहे. त्याला उडी मारायचीच होती हो! कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, मार लागून अडकली, सरकेचना, म्हणून बिचारा तसाच घराकडे निघाला. वाटेत एक जर्मन फॉकवुल्फ १९० मागे लागलं, त्याने गोळ्या संपेपर्यंत याच्यावर झोडल्या, शेवटी बाजूला येऊन हे अजून उडतंय कसं म्हणून बघितलं आणि निघून गेला. जॉन्सन इंग्लंडच्या किनाऱ्यावर मॅन्स्टनला उतरला, विमानाची भोकं मोजायला लागला आणि जागेवरून न हलता दोनशेच्या वर मोजून झाल्यावर त्याने नाद सोडला. पुढे तो अमेरिकेच्या मोठ्या लढाऊ पायलटांत गणला गेला.

तर उडी का मारत नाहीत. कधी मारता येत नाही म्हणून. बॉम्बरमध्ये कधी एखादा माणूस जखमी होऊन पडलेला असतो, तो उडी मारू शकत नाही, मग पायलट त्याला सोडून जात नाही. अमेरिकन बॉम्बर पायलट चार्ली ब्राउन आणि त्याचं मोडकं विमान न पाडता सोडून देणाऱ्या जर्मन पायलट श्टिगलरची १९४३ ची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, त्यातही जखमी माणसं हे एक कारण होतंच. शिवाय खाली काय आहे ते बघावं लागतं. खाली हिवाळ्यातला उत्तर समुद्र असेल तर पॅराशूट उघडूनही माणूस पाण्यात फार वेळ टिकत नाही. खाली आपण नुकतेच ज्यांच्यावर बॉम्ब टाकले तेच लोक असतील तर वेगळा विचार. आणि इजेक्शन सीट म्हणजे काही लिफ्ट नव्हे, खाली स्फोट होऊन माणूस फेकला जातो, पाठीचे मणके दबतात, कित्येकांचं उडणं तिथेच संपलं.

कधी कधी तर नुकसान किती झालंय हे त्यालाच माहीत नसतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण लढाईतलं नाही, सरावातलं आहे, पण सांगतोच. १ मे १९८३, इस्राएल, झिवी नेदिवी हा एफ-१५ हे लढाऊ विमान घेऊन स्कायहॉक या दुसऱ्या लढाऊ विमानाबरोबर सराव करत होता, दोघांची टक्कर झाली, स्कायहॉकचा पायलट बाहेर पडला आणि याचा उजवा पंख जवळजवळ मुळापासून गेला. विमान गोल गोल फिरायला लागलं, मागे बसलेला नॅव्हिगेटर घाबरलेला, पण नेदिवीने इंजिनं पूर्ण खोलली आणि स्पीड वाढला तसं विमान सावरलं. पंखाच्या जागेवरून इंधनाची वाफ इतकी उडत होती की पंख नाहीच हे त्याला दिसलंच नाही, दिसलं असतं तर मी उडी मारली असती असं तो नंतर म्हणाला. एफ-१५ ची बॉडी आणि हवेचे इनटेक रुंद आणि सपाट असतात, जोरात उडताना त्यांच्यातूनच बरीच लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलणारं बळ, मिळते, हे नंतर कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी सांगितलं.

इथे ती गोष्ट येते जी पायलट लोकांच्या अंगात शिकवून भिनवलेली असते, कंट्रोलेबिलिटी चेक. मार लागला की आधी विमान सरळ करायचं, ज्या स्पीडला आणि ज्या पॉवरला ते सरळ उडतंय ते तसंच ठेवायचं, उंची मिळत असेल तर घ्यायची, आणि जोडीदाराला बोलावून सांगायचं की बाबा खालून, बाजूने बघ काय काय गेलंय. मग तळाच्या जवळ आल्यावर, पण अजून भरपूर उंचीवर असताना, चाकं खाली घ्यायची आणि थोडा थोडा स्पीड कमी करत जायचं, कुठल्या स्पीडला विमान एका अंगावर कलंडायला लागतं ते शोधायचं. समजा २०० नॉटला कलंडतंय, तर मग उतरायचं त्याच्यापेक्षा वरच्या स्पीडला, रनवे लांब असो की आखूड. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखाच्या मागून खाली घ्यायच्या फळ्या, शक्यतो घ्यायचेच नाहीत, कारण एका पंखाचा फ्लॅप खाली आला आणि दुसऱ्याचा मार लागून अडकला तर विमान त्या क्षणी पालथं. आणि हे एकदा जमलं की मग कशालाही हात लावायचा नाही. चाकं खाली आलीत ना, राहू दे, परत वर घेऊ नको. आमचे एक जुने वॉरंट ऑफिसर नवीन पायलटना सरळ सांगायचे, साहेब, चालतंय त्याला छेडू नका.

नेदिवीला याच कारणाने २६० नॉटला उतरावं लागलं, नेहमीच्या साधारण दुप्पट, ताशी ४८० किलोमीटर म्हणा. स्पीड दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे ब्रेकना चौपट काम. शेपटाखालचा हुक विमान थांबवायला रनवेवर आडव्या टाकलेल्या केबलमध्ये अडकवला तर तो हुकच उपटून आला, आणि विमान रनवेच्या टोकाच्या जाळीच्या थोडंसं अलीकडे थांबलं. दुरुस्त करून ते परत सेवेत घेतलं. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या शॉपमध्ये पहिला प्रश्न टायर कसे टिकले हाच होता.

आपल्याकडचं बोलू. १९७१ मध्ये विंग कमांडर एच. एस. मंगत यांच्या सुखोई-७ या लढाऊ विमानाला पाकिस्तानी एफ-६ विमानाने सोडलेलं साइडवाइंडर मिसाईल लागलं. अर्धा रडर गायब, एलेव्हेटर, एलरॉन, फ्लॅप, म्हणजे शेपटावरच्या आणि पंखांवरच्या विमान वळवायच्या फळ्या, सगळ्यांची वाट लागलेली, आणि अर्धं मिसाईल ब्रेक पॅराशूटच्या पाइपमध्ये तसंच अडकलेलं, तशा अवस्थेत त्यांनी विमान तळावर आणलं. आता हे साइडवाइंडर उष्णतेच्या मागे जातं, म्हणजे जेट पाइपकडे, म्हणून मार शेपटाला लागतो, आणि त्या काळच्या साइडवाइंडरचं स्फोटक डोकं साडेचार-पाच किलोच्या घरातलं. सुखोई-७ म्हणजे एका दणकट इंजिनाभोवती बांधलेलं जाड पत्र्याचं पिंप, इंधन बेसुमार पिणारं आणि लांबच लांब रनवे मागणारं, पायलट लोक त्याला नावं ठेवायचे, पण मार खायची त्याची ताकद सगळे मानायचे. आणि बघा, पॅराशूटच्या पाइपमध्येच मिसाईल म्हटल्यावर उतरल्यावर पॅराशूटचा भरवसा नाही, सगळं चाकांच्या ब्रेकवर.

आपले दिलीप परुळकर सगळ्यांना माहीत आहेत ते १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कैदेतून भिंतीला भोक पाडून निसटले म्हणून. पण १९६५ च्या लढाईत त्यांच्या विमानाला गोळीबार लागला, उजव्या खांद्याला जखम झाली, लीडर सांगत होता इजेक्ट कर, आणि यांनी न ऐकता विमान तळावर परत आणलं, त्याबद्दल वायुसेना मेडल मिळालं. उजवा हात म्हणजे स्टिकचा, विमान वळवायच्या दांड्याचा हात हे लक्षात घ्या, डाव्या हाताने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पॉवर सांभाळायची असते. १९७१ ला त्यांचं विमान पडलं तेव्हा मात्र इजेक्ट करावं लागलं आणि कैद झाली, म्हणजे एकाच माणसाने दोन्ही बाजू बघितल्या.

हे फक्त आपल्या बाजूला होतं असं नाही. ३ सप्टेंबर १९६५ ला आपल्या नॅट लढाऊ विमानांनी पाकिस्तानचं पहिलं सेबर विमान पाडलं असं आपण तेव्हा साजरं केलं, पण ते सेबर, पायलट युसुफ अली खान, शेपटाला जबर मार खाऊन सरगोध्याला उतरलं होतं. यात कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. मागून गोळ्या लागताना दिसल्या, तुकडे उडाले, विमान गोते खात खाली गेलं, आपल्याला तेवढ्यात दुसरीकडे वळावं लागलं, माणूस पडलं असंच समजणार. सगळ्याच युद्धांत पाडल्याचे आकडे फुगतात त्याचं एक कारण ही घरी पोचलेली विमानं.

कारगिलचं तर फार बोललंच जात नाही. २१ मे १९९९, स्क्वाड्रन लीडर पेरुमल पायलट आणि स्क्वाड्रन लीडर झा नॅव्हिगेटर, कॅनबेरा हे दोन इंजिनांचं विमान घेऊन वरून फोटो काढायला गेलेले, खांद्यावरून सोडायचं मिसाईल इंजिनाला लागलं, आणि एका इंजिनावर ते श्रीनगरला उतरले. कॅनबेरा तेव्हाच म्हातारं विमान होतं, पण त्याचे कंट्रोल हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर नाहीत, पायलटचा हात आणि रॉड, बस, त्यामुळे इंजिन गेलं तरी स्टिक मेली नाही. धोका वेगळाच होता. दोन इंजिनं पंखांवर लांब लांब, एक गेलं की दुसरं विमानाला आडवं ओढतं, रडरवर पाय दाबून धरावा लागतो, आणि एका ठराविक स्पीडच्या खाली गेलात तर रडर पुरत नाही, विमान उलटतं. कॅनबेरावर एका इंजिनाच्या नुसत्या सरावात जगभर बरीच माणसं गेलीत. म्हणजे श्रीनगरला एकदा खाली यायला लागले की परत वर जाऊन दुसरा चान्स घ्यायची सोय जवळपास नाहीच, चारी बाजूंनी डोंगर आहेत ते वेगळंच.

हायड्रॉलिक गेल्यावर हाताने उडवायची सोय आपल्या जुन्या हंटर लढाऊ विमानातही होती, आणि अमेरिकन ए-१० मध्ये आहे. ७ एप्रिल २००३ ला किम कॅम्पबेल या पायलट बाईंच्या ए-१० ला बगदादवर शेपटाजवळ मार लागला, दोन्ही हायड्रॉलिक गेली, विमान डावीकडे कलंडून शहराकडेच निघालं. त्यांनी स्विच टाकून केबल आणि रॉडवर घेतलं आणि तसंच कुवेतपर्यंत आणून उतरवलं, चाकं स्वतःच्या वजनाने खाली, ब्रेक साठवलेल्या प्रेशरवर, ते संपलं की संपलं. हे ऐकायला सोपं वाटतं म्हणून सांगतो, १९९१ च्या गल्फ वॉरमध्ये याच प्रकारे उतरताना एका ए-१० चा पायलट गेला होता, आणि बाईंना हे माहीत होतं.

उतरल्यावर आमचं काम सुरू होतं, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. अशा विमानाचे ब्रेक लाल झालेले असतात, टायर कधीही फुटू शकतो, आणि फुटतो तो बाजूला, रिमसकट. म्हणून चाकाकडे बाजूने जायचं नाही, पुढून किंवा मागून. आणि तापलेल्या ब्रेकवर पाणी तर अजिबात नाही. मग सीटची सेफ्टी पिन, कारण पायलट थरथरत असतो, उठताना कुठेतरी हँडल ओढलं गेलं तर वाचलेला माणूस धावपट्टीवर जायचा. शस्त्रं सेफ करायची, इंधन गळतंय का बघायचं. पायलटशी बोलायचं ते नंतर, पाणी वगैरे दिल्यावर, पण त्याच दिवशी, कुठल्या स्पीडला काय झालं ते लगेच लिहून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी तो निम्मं विसरतो आणि निम्मं वाढवून सांगतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की कंट्रोल सगळेच गेले तर. मग बहुतेक वेळा संपलंच. पण एक झालंय, आणि ते लढाऊ विमानही नव्हतं. २२ नोव्हेंबर २००३, बगदादहून निघालेलं डीएचएलचं मालवाहू एअरबस ए-३००, तिघांचा क्रू, डाव्या पंखाला मिसाईल लागलं, पंख पेटला आणि थोड्या वेळात तिन्ही हायड्रॉलिक गेली. स्टिक हलवा, काही होत नाही. राहिली फक्त दोन इंजिनं. एकाची पॉवर वाढवली की विमान दुसऱ्या बाजूला वळतं, दोन्हीची वाढवली की नाक वर जातं कारण इंजिनं पंखाखाली लटकलेली असतात. पण आपणहून ते विमान झोपाळ्यासारखं वर-खाली करत राहतं, नाक खाली गेलं की स्पीड वाढतो, स्पीड वाढला की नाक वर येतं, आणि हा झोका मारायचा तर नाक वर जायला लागतं तेव्हा पॉवर कमी करायची आणि खाली यायला लागतं तेव्हा वाढवायची, तीही परिणाम दिसायच्या आधीच, कारण इंजिन हुकूम ऐकायला काही सेकंद घेतं. त्यांनी चाकं लवकर खाली सोडली त्याने विमान जरा शांत झालं, फ्लाइट इंजिनिअरने उजव्या टाकीचं इंधन डाव्या इंजिनाला जोडून दिलं, कारण डावी टाकी गळून चालली होती आणि एक इंजिन बंद पडलं असतं तर वळवायचं साधनच गेलं असतं. उतरले नेहमीपेक्षा फार जोरात, रनवे सोडून वाळूत, काटेरी तारांत घुसले आणि थांबले. तिघंही आपल्या पायांनी बाहेर आले. विमान नंतर परत उडालं नाही.